मोळुं म्हणजे फिकं

जिजीच्या दारात कोणी उभं राहिलं की 'या', 'बसा' असलं काही ती म्हणत नसे. गॅस तिने खाली जमिनीवरच मांडलेला होता. त्याच्यापुढे पाटावर बसल्या बसल्या, मान न वळवता, तिचा एकच प्रश्न यायचा. "तिखं का फिकं?" विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा असो, की नुसती विरजण मागायला आलेली शेजारीण असो. 'तिखं' म्हटलं की ती वळून बघायची आणि दुसरा पाट पुढे सरकवायची. 'फिकं' म्हणणाऱ्यालाही जेवायला मिळायचंच, पण आपण हिच्या मनातून उतरलो हे त्याला कळल्याशिवाय राहायचं नाही. जिजीकडे भाजीचं पातेलं एकच असे आणि ते तिखं असे. फिकं म्हणजे त्याच भाजीत ओतलेलं वाटीभर गरम पाणी.

ही जिजी गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या ठेच्याविषयी आणि तिच्या तोंडाळपणाविषयी चार गोष्टी लिहून मोकळं होता आलं असतं. त्या लिहिणारच आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझा धीर होणार नाही. जिजीच्या घरातलं तिखट बंद झालं ते माझ्यामुळे. माझ्या एका शब्दामुळे. आणि तो शब्द चुकीचा होता.

आम्ही सुरतेत उधन्याला राहायला आलो तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. गल्लीत एकाला एक लागून घरं, मागे मागांचे कारखाने आणि त्यांचा दिवसभर खडखडाट. निम्मी गल्ली खान्देशातली. आईने मला समोरच्या घरी विरजण आणायला पाठवलं आणि आतून तो प्रश्न आला. मला वाटलं विरजणाविषयीच विचारतेय. काहीतरी म्हणायचं म्हणून मी 'तिखं' म्हटलं. तिने भाकरीच्या चतकोरावर ठेच्याचा गोळा ठेवून माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी, वर उचक्या. पण हट्टी कार्टी मी, चतकोर संपवूनच उठले. जिजी मला बघत बसली होती. म्हणाली, "हाई पोर आपली शे." विरजण न्यायचं राहूनच गेलं आणि आईचा धपाटा खाल्ला तो वेगळा.

तिचं नाव कलाबाई. शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेला आली ती इथलीच झाली, पण बोली तिने सोडली नाही. दुकानात 'केटला' आणि 'ओछुं करो', म्हणजे कितीला आणि कमी करा, एवढ्या दोन शब्दांवर तिने सगळा संसार केला. बाकी सगळं अहिराणी. समोरच्याला कळो न कळो. नवरा नाना, मागांवर सुताचे बीम जोडायच्या कामाला. त्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहून नानांचे कान गेलेले. त्यामुळे त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं असं फार नव्हतं. जिजी ओरडायची, नाना हसायचे. मुलगा संजू पलीकडच्या सचिन गावात कामाला लागला आणि बायको-मुलांसह तिकडेच राहायला गेला, तेव्हा ही दोघंच उरली.

त्यांचं खरं बोलणं ताटावर व्हायचं. नाना जेवायला बसले की जिजी त्यांच्या ताटाकडे बघत नसे, कपाळाकडे बघायची. कपाळावर घाम आला की स्वयंपाक जमला. नाही आला तर नाना नुसतं एक बोट वर करायचे आणि जिजी कुरकुरत उठून डाळीवर आणखी एक मिरचीची फोडणी ओतायची. "आमना धल्लाना कान गयात, पन जीभ जागी शे," असं ती कौतुकाने सांगायची. धल्ला म्हणजे म्हातारा. नाना चाळिशीत होते तेव्हापासून ती त्यांना धल्ला म्हणायची.

चैत्रात ती गच्चीवर वर्षाच्या मिरच्या वाळवायची आणि मग एक दिवस मसाल्यासाठी भाजायला घ्यायची. त्या दिवशी अख्खी गल्ली खोकायची. शेजारच्या कोकिळाबेन खिडक्या लावून घेऊन आतून शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी स्वतःच त्यांच्या गोड डाळीची वाटी पाठवायच्या. वर सांगायच्या, "अमारे तो बधुं मोळुं ज होय." आमचं काय, सगळं मोळुंच असतं. जिजी ती डाळ नाकारायची नाही. तिच्यावर लाल फोडणी घालून खायची. पण तो 'मोळुं' शब्द तिला फार आवडला. तिला तो पुरेपूर उपयोगी पडला. पाणचट चहा मोळा. सासरी गप्प बसणारी संजूची बायको मोळी. भांडणात मागे सरणारा माणूस तर एकदम मोळा. आमच्या गल्लीत तिखट नसलेल्या प्रत्येक गोष्टीला मोळुं म्हणायची पद्धत पडली ती जिजीपासून. मीसुद्धा तो शब्द तिच्याच तोंडून, तिच्याच अर्थाने उचलला.

आता माझी फुशारकी. मी गुजराती शाळेत शिकले आणि पुढे गुजराती शिकवायलाच लागले. मराठी घरातली मुलगी गुजराती मुलांना गुजराती व्याकरण शिकवते याचा मला भारी ताठा होता. गल्लीत कोणाचं गुजराती चुकलं की मी तिथल्या तिथे सुधारायची. बँकेत, मुलांच्या शाळेत, दवाखान्यात, जिथे बोलायचं असेल तिथे लोक मला घेऊन जायचे आणि मी जायची. नानांना चक्कर येऊन ते कारखान्यात पडले, तेव्हा जिजी तशीच माझ्याकडे आली. म्हणाली, चल, तू ऐकशील ते नीट ऐकशील.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी दाब मोजला, रक्ताचा रिपोर्ट बघितला, तोंड वाकडं केलं आणि गोळ्या लिहिता लिहिता म्हणाले, "हवे मोळुं खावानुं, काका. एकदम मोळुं. नहीं तो किडनी जशे." नानांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. जिजी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी एका क्षणात भाषांतर करून टाकलं. "डॉक्टर म्हणतात, आता फिकं खायचं. एकदम फिकं. नाहीतर किडनी जाईल."

"मिरचीच नही?" तिने विचारलं. मी ते डॉक्टरांना विचारायला हवं होतं. ते हाताच्या अंतरावर बसले होते. पण मला विचारायची गरजच वाटली नाही. मी वर तिलाच दटावलं, मिरची नाही, ठेचा नाही, काळा मसाला नाही, लाल फोडणी तर अजिबात नाही. हे सगळं माझ्या पदरचं होतं. डॉक्टरांनी यातलं एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

त्याच दुपारी जिजी आमच्या घरी आली. तिचा पाटा-वरवंटा उचलायला दोन माणसं लागायची. आमच्या मागच्या अंगणात तो तिने ठेववला. म्हणाली, नजरेसमोर असला की हात जातो, तुमच्याकडे राहू दे. मसाल्याची बरणी तिने माझ्या आईला देऊन टाकली. आईने विचारलं, अगं, तुझं तू तरी खाशील ना? तर जिजी म्हणाली, "एक घरमा दोन ताटं नही व मी करस." नवरा फिकं खाणार आणि आपण समोर बसून तिखं खाणार, हे तिच्याने होणार नव्हतं. त्या दिवसापासून दोघांचं फिकं. जिजीसारख्या बाईने हे कसं केलं असेल ते तिचं तिला माहीत. एकदा आई मिरच्यांना फोडणी देत होती तर जिजी काही कामाशिवाय आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. नुसती वास घेत. आईने घास पुढे केला तर मान हलवली आणि निघून गेली.

नाना मात्र जेवेनात. दोन घास खाऊन ताट सारायचे. बोट वर करायचे आणि जिजी हाताने 'नाही' म्हणून दाखवायची. महिनाभरात त्यांची हाडं दिसायला लागली. एक दिवस मी तिथे असताना नानांनी जेवता जेवता सदऱ्याच्या खिशातून एक हिरवी मिरची काढली. कारखान्यातून कोणाकडून तरी मागून आणली असणार. दाताखाली धरणार एवढ्यात जिजीने ती त्यांच्या हातातून हिसकावली, दारापर्यंत गेली आणि गटारीत फेकली. मग जी ओरडली ती ओरडली. मरायचं आहे का तुला, मला रांडव करायचं आहे का, असलं काय काय. नानांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि खाली मान घालून सगळं संपवलं. त्या वेळी मला जिजीचं कौतुक वाटलं होतं. मी तिला 'शाब्बास' म्हणाले होते.

आता त्यांना जेववायचं कसं हा जिजीपुढे प्रश्न. मिरची गेली तर मागे राहिलं काय? मीठ. तिच्या लक्षात आलं की वरणात मीठ थोडं चढं असलं की धल्ला दोन घास जास्त खातो. ताकात मीठ घातलं की वाटी रिकामी होते. ज्वारीचे खारट बिबडे, पापडासारखे, भाजून दिले की चार-चार खातो. माझी आई आजारी माणसांसाठी लिंबं नुसत्या मिठात मुरवून ठेवायची. त्यात तिखट नसतंच. ती बरणी जिजीकडे मी नेऊन दिली. मी, माझ्या हाताने. जिजीला आनंद झाला. पुढे तिने स्वतः लिंबांच्या बरण्या भरल्या, एकामागून एक. नाना जेवायला लागले. मीठ, लिंबू, बिबडे, ताक. जिजी सगळ्यांना सांगायची की धल्ला फिक्याला सरावला.

दर महिन्याला आम्ही डॉक्टरांकडे जायचो. नानांचे पाय सुजायला लागले होते. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. डॉक्टर विचारायचे, "मोळुं खाव छो ने?" आणि जिजी माझी वाट न बघता स्वतःच गुजरातीत सांगायची, "एकदम मोळुं, साहेब. एकदम मोळुं." डॉक्टर मान डोलवायचे, गोळी बदलायचे. मी मधे उभी राहून मान डोलवायची. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर रांग लागलेली असायची आणि इथे सगळे वापरतात तोच शब्द त्यांनी वापरला. दोघंही एकच शब्द बोलत होती आणि दोघांनाही आपलं बरोबर वाटत होतं. त्या दोघांच्या मधे उभी राहणारी मी होते. मला माहीत असायला हवं होतं. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली आषाढात मोळाकत करायच्या, गौरीचं व्रत. पाच दिवस अळणी जेवायच्या. शाळेत मी त्यांच्या डब्यातली बिनमिठाची पोळी खाऊन थूः केलेलं आहे. शब्द माझ्या कानांवरून गेला होता आणि मी तो धरला नव्हता.

दीड-दोन वर्षांनी नानांना मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी संजू जिजीला काहीतरी खायला घालायला खाली घेऊन गेला आणि मी नानांपाशी बसले. सिस्टर जेवणाचं ताट ठेवून गेल्या. डाळीच्या वाटीवर लाल फोडणी तरंगत होती, वर एक अख्खी सुकी मिरची. मी धावत जाऊन सिस्टरना थांबवलं. माझ्या चोख गुजरातीत त्यांना झापलं की या पेशंटला मोळुं सांगितलंय, दिसत नाही का? त्या कंटाळून म्हणाल्या, "आ मोळुं ज छे, बेन. मरचुं खाय, वांधो नहीं. मीठुं बिलकुल नहीं."

हे मोळुंच आहे. मिरची खाल्ली तर हरकत नाही. मीठ अजिबात नाही.

मी परत कॉटपाशी आले. मी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. डाळ तिखट होती, आणि अळणी. अळणी! हा शब्द मला कुठे गेला होता? आपल्याकडे त्यासाठी सरळ, साधा, रोजचा शब्द आहे आणि मी दवाखान्यात 'फिकं' म्हणाले होते.

नानांनी मात्र ती मिरची बघितली होती. त्यांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. मी चमच्याने त्यांना डाळ भरवली. पहिला चमचा त्यांनी तोंडात नुसता धरून ठेवला. दुसरा गिळला. त्यांच्या कपाळावर बारीक घाम आला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. तिसरा चमचा त्यांना गिळता येईना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तिले सांगू नको." त्यांना वाटलं, आपण चोरून तिखं खाल्लं. जिजी ओरडेल. मी उरलेली डाळ बेसिनमध्ये ओतली, वाटी धुतली आणि जिजी वर आली तेव्हा काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

नंतर मी एकटी त्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, किडनी आधीपासूनच खराब होती, नुसत्या मिठाने माणूस जात नाही. मीठ नसतं तर थोडा फरक पडला असता. थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं आणि त्यांनी हात उडवले. तो थोडा फरक घेऊन मी घरी आले. अजून तो माझ्याजवळच आहे.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला जिजी तेच सांगत होती. "दोन वरीस तिखाले हात नही लावू दिधा मी. मन्ही काही कसर नही राहू दिधी." ते सांगताना ती रडत नसे. त्या एका वाक्याला धरून ती बसलेली असायची. तिच्या हातून ते वाक्य काढून घ्यायचं माझ्याने झालं नाही. मी मनाला समजावलं की खुद्द नानांनीच सांगू नको म्हटलंय. काय हा माझा शहाणपणा! नाना मिरचीविषयी बोलत होते हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांच्या तीन शब्दांमागे मी दोन वर्षं लपले. भित्री होते, दुसरं काय.

नाना गेल्यावरही जिजी तिखटाकडे वळली नाही. पाटा आमच्या अंगणातच राहिला. दारात कोणी आलं तर ती आता काही विचारायची नाही. कोणी जेवायला बसलंच तर त्याच्यापुढे वरण, भाकरी आणि मिठातलं लिंबू यायचं. ती स्वतः तर सकाळ-संध्याकाळ लिंबू आणि भाकरीच खायची. धल्ल्याची सवय आता मला लागली, म्हणायची.

मग एक दिवस नळावर तिला चक्कर आली. मी तिला नानांना आधी न्यायचो त्याच दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर, तीच गर्दी. दाब बघून डॉक्टर म्हणाले, "काकी, हवे मोळुं खावानुं." जिजी चक्क हसली. बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणाली, आता आणखी काय मोळुं करायचं, मी तर कधीचीच मोळी झाले. तिच्या पिशवीत बिबड्यांची पुडी होती, वाटेत भूक लागली तर म्हणून घेतलेली. ती काढून तिने एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. त्या तुकड्याचा कुडुम आवाज ऐकला आणि मला कळलं की आता बोलले नाही तर हिलाही मी घालवणार. नानांच्या वेळी मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

घरी पोचल्यावर मी दार लोटून घेतलं. ती पाटावर बसली, मी जमिनीवर. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय सांगितलं, मोळुं म्हणजे काय, लिंबाची बरणी, बिबडे, ताक, सगळं. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या. तिने एक थोबाडीत मारली असती तर मी तिचे पाय धरले असते.

जिजीने विचारलं, "म्हंजे धल्लाले तिखं चालतं व्हतं?"

मी हो म्हणाले.

"दोन्ही वरीस?"

मी पुन्हा हो म्हणाले आणि मिठाचं परत सांगायला लागले. मला वाटलं तिला नीट कळलं नाही. तिने हाताने मला थांबवलं. तिला सगळं कळलं होतं. मीठ, किडनी, दाब, ते सगळं तिने बाजूला सारलं होतं. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "ती मिरची मी त्याना हातमाईन हिसकी लिधी व्हती."

मग ती रडली. नाना गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता पण माझा हात उचलेना. तिला देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, ते मी दिलं. दवाखान्यातली ती दुपार. लाल फोडणी, सुकी मिरची, वर केलेलं बोट. आणि ते 'तिले सांगू नको'.

जिजीने तोंडावरचा पदर काढला. "खादं का त्यानी?" तिने विचारलं. "घाम उना व्हता का कपायले?" मी म्हणाले, आला होता. ते खरं होतं. "वाटी पुसी खादी का?" तिने विचारलं.

मी भाषा शिकवणारी बाई. शब्दाला शब्द मिळाला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही, असं मी वर्गात रोज सांगते. मी म्हणाले, हो जिजी, वाटी पुसून खाल्ली.

तीन दिवस तिने माझ्यासाठी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी स्वतः आमच्या अंगणात आली आणि म्हणाली, "मन्हा पाटा दे." तो परत तिच्या घरी गेला. लिंबांच्या बरण्या तिने रिकाम्या केल्या. पुढची चार वर्षं ती मिरचीचा ठेचा बिनमिठाचा वाटून खात होती. मी तो चाखून बघितला आहे. नुसती आग, तिला चव नाही. जिजी तो भाकरीला लावून गुपचूप खायची. कपाळावर घाम आला की पुसायची नाही. ते औषध होतं की शिक्षा होती हे मी तिला कधी विचारलं नाही. तिने मला क्षमा केली का, हेही विचारलं नाही. माझ्या ताटात ती मीठ वेगळं वाढायची, इतरांच्या ताटात वाढायची तसंच. एकदाच, मी शाळेतून येताना दिसले तेव्हा, ओट्यावरून म्हणाली, "पोरस्ले शिकाडस ना तू? बराबर शिकाडजो." पोरांना शिकवतेस ना, नीट शिकव. आवाज साधाच होता. त्या रस्त्याने घरी यायला मला नंतर कितीतरी दिवस नको वाटायचं.

'तिखं का फिकं?' हा प्रश्न पुन्हा कधी तिच्या तोंडून आला नाही. मी गेले की ती आता दुसरंच विचारायची. कसं खादं त्यानी? आणि मी पहिल्यापासून सांगायची. सिस्टर, ताट, लाल फोडणी. प्रत्येक वेळी मी तसंच सांगायची आणि ती नवीन असल्यासारखं ऐकायची. कुठे माझं एखादं वाक्य सुटलं तर ती सुधारायची. बोट वर केलं व्हतं, ते राहिलं. हां, ते राहिलं, म्हणून मी परत मागे जायची.

शेवटी संजू तिला सचिनला घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर होती, जेवण जवळजवळ सुटलं होतं. मोळी म्हणून जिला ती आयुष्यभर हिणवत आली त्या सुनेने उशाशी एका वाटीत डाळ ठेवली होती, लाल फोडणीची, बिनमिठाची. जिजीने तिला हात लावला नव्हता. तिने मला ओळखलं. आवाज फार बारीक झाला होता, म्हणून मी तिच्या तोंडापाशी कान नेला.

"घाम उना व्हता ना?"

"आला होता, जिजी."

"वाटी पुसी खादी ना?"

"पुसून खाल्ली," मी म्हणाले. "आणखी मागत होते."